सशाची लघवी लाल दिसली तर
सशाची लघवी लालसर दिसली म्हणून लगेच धास्तावू नका. चाऱ्यातील रंगद्रव्यांमुळे ती केशरी ते विटकरी होऊ शकते, आणि रक्त आहे की नाही हे तपासणीतच कळते. सशाचे जादा कॅल्शियम लघवीवाटे जात असल्याने ती थोडी गढूळ असतेच, परंतु फरशीवर टूथपेस्टसारखा पांढरा गाळ पडत असेल आणि ससा पाठ कमानीसारखी करून कुंथत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. परळच्या आमच्या खोलीत ससा बाटलीच्या नळीतून जेमतेम पाणी पीत असे. जड वाडगा ठेवताच पिणे वाढले. लसूणघास या चाऱ्यात कॅल्शियम जास्त असते, म्हणून प्रौढ सशाला त्याऐवजी साधे सुके गवत द्यावे. लघवी पूर्ण थांबली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रात्रीच टॅक्सी करून डॉक्टर गाठावा.