आजी वारी चालली नाही, तिला वारकरी म्हणायचं का?

प्रश्न : माई, नमस्कार. माझी आजी गेल्या माघात वारली. वय ८६. आमचं घर सासवडजवळ, पालखीच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. येत्या वर्षश्राद्धाला चार पानांची स्मरणिका काढायचं ठरलंय आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. काकांनी मजकूर दिलाय : 'धर्मपरायण, वात्सल्यमूर्ती, निस्सीम विठ्ठलभक्त, वारकरी.' आत्या म्हणते, 'वारकरी' हा शब्द काढा, आई एकदाही पंढरपूरला चालत गेली नाही. ते खरंच आहे. माउली सासवडला असतात तेव्हा परभणीकडची एक दिंडी आमच्या अंगणात उतरते, तिचं जेवणखाण आजी बघायची. यंदा आम्ही केटरर सांगितला. आजीच्या गळ्यात माळ होती, एकादशी कधी चुकली नाही, हरिपाठ तोंडपाठ होता. लिहिता-वाचता मात्र येत नव्हतं. आणखी एक सांगते. पाळीच्या दिवसांत ती माझ्या आईला चुलीजवळ येऊ द्यायची नाही, दिंडी दारात असली तरी. आई ते अजून विसरलेली नाही. मी स्वतः पूजाअर्चा करत नाही. आजीच्या भक्तीबद्दल मी लिहावं का? आणि काय लिहावं?
– एक नात, पुणे

उत्तर : तुझ्या वयाच्या भाच्या आहेत मला, म्हणून 'तू'च म्हणते. आधी आत्याचं बघू, नाहीतर वर्षश्राद्धाच्या दिवशीच घरात वाद व्हायचा.

आत्याला अरणच्या सावतोबांची आठवण करून दे. माढा तालुक्यातलं अरण पंढरपूरपासून फार लांब नाही. तरी सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, कांद्यामुळ्यातच त्यांना विठाई दिसली, असं परंपरा सांगते. ते समाधिस्थ झाले १२९५ साली. आषाढीला गावोगावहून संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात, सावतोबांची येत नाही. पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. संतांच्या मांदियाळीत त्यांना बसवताना पायी किती चाललात हे वारकऱ्यांनी विचारलं नाही. मग तुझ्या आजीला तरी कोण विचारणार? 'वारकरी' राहू दे.

पण आत्याचं म्हणणं उडवून लावू नकोस. मला वाटतं, तिच्या बोलण्यात शब्दाचा हट्ट कमी आहे आणि आईबद्दलची खंत जास्त. दरवर्षी दिंडी पुढे जेजुरीकडे निघायची आणि आई दारात उभी राहायची, हे तिनं लहानपणापासून पाहिलं असणार. तेव्हा स्मरणिकेत सरळ लिही की आजी वारी चालली नाही. आणि का चालली नाही हेही लिही. गोठ्यात जनावरं होती का? लेकरं लहान होती? की घरातल्या पुरुषमाणसांनी जाऊ दिलं नाही? तिला जायचं होतं का, हे आत्याला एकटीला गाठून विचार. मला या सगळ्या स्मरणिकेत त्या उत्तराइतकं मोलाचं दुसरं काही दिसत नाही.

काकांची विशेषणं प्रेमाची आहेत, पण ती कुठल्याही बाईच्या फोटोखाली चालतील. त्याऐवजी एक दिवस लिही. एकादशी ते द्वादशी, एवढाच.

माझं माहेर नातेपुत्याचं. तिथेही माउलींचा मुक्काम असतो, त्यामुळे ही धांदल माझ्या अंगवळणी आहे. पण सासवडची गोष्ट वेगळी. बहुतेक वर्षी पुणे सोडायचा दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. सगळ्या वाटेतली ही मोठी चाल, त्यात दिवे घाट, आणि वारकऱ्याच्या पोटात उपास. घाट चढून माणसं अंगणात येतात तेव्हा दिवेलागण झालेली असते. त्यांच्या पुढ्यात आजी काय ठेवायची? भगर आणि दाण्याची आमटी, की साबुदाण्याची खिचडी, की उकडलेली रताळी? शेंगदाणे कोण भाजायचं? आणि दुसऱ्या दिवशी द्वादशी, म्हणजे पारणं. उपास सोडायला माणसं सकाळीच पानावर बसणार, तेव्हा चुलाण मध्यरात्रीनंतर पेटायला हवं. आमच्याकडे चार-पाच बायका काटवटी घेऊन रांगेनं बसायच्या. पिठाला पाण्याचा हात लावायचा, भाकरी थापायची, तव्यावरून आरावर, आरावरून टोपल्यात, आणि टोपल्यावर धडपं. पहाटे काकड्याचे टाळ सुरू होईपर्यंत मनगटं भरून यायची. बोलणं बंद झालेलं असायचं, हात तेवढे चालू. तुझ्या अंगणात हेच झालं असेल असं मी गृहीत धरत नाही. म्हणून विचारून घे : पीठ घरचं की गावातून गोळा केलेलं, पिठलं कोण घोटायचं, मिरचीचा खर्डा कोणाच्या हातचा.

आणखी एक विचार, सहसा कुणी विचारत नाही असं. दिंडीतल्या बायका आंघोळीला कुठे जायच्या? माझी आई गोठ्यामागे जुनी लुगडी बांधून आडोसा करायची, दोन हंडे पाणी तापवून ठेवायची आणि स्वतः बाहेर राखणीला उभी राहायची. तिची भक्ती सांगायची म्हटलं की मला हा आडोसा आठवतो. तुझ्या आजीनंही असं काही तरी केलेलं असणार, आणि ते त्या बायकांनाच ठाऊक असणार. आणि २०२० साली पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, २०२१लाही बसनंच. त्या दोन ज्येष्ठांत अंगण रिकामं असताना आजीनं काय केलं, ते तुझ्या पत्रात नाही. घरात नक्की कुणाला तरी आठवत असेल.

तिला वाचता येत नव्हतं, हे तू 'मात्र' लावून लिहिलंस. तो 'मात्र' काढून टाक. माउलींच्या हरिपाठाचे २७ अभंग तिनं ऐकून पाठ केले. कुणाकडून ऐकले, किती वर्षांची असताना, ते शोध. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या, मूळच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडण-झाडलोटीतच विठ्ठलाला सोबतीला घेतलं. कामाला जुंपलेल्या बायकांनी अभंग असेच कानानं उचलले आणि तोंडी जपले. घरात कुणाच्या फोनवर आजीच्या आवाजातला हरिपाठ असला तर आजच दोन ठिकाणी उतरवून ठेव. फोन बदलताना अशाच गोष्टी जातात.

आता तुझ्या आईचं. हा भाग तू पत्रात लिहिलास हे फार चांगलं केलंस. स्मरणिकेत तो घ्यायचा की नाही हे काकांनी ठरवायचं नाही, तूही नाही. ते आईनं ठरवायचं. ती नको म्हणाली तर एक ओळही नको. हो म्हणाली तर तिच्याच शब्दांत चार ओळी येऊ देत, खाली तिचं नाव घालून. कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाचं असं काढू नये. मला ते पटत नाही. ज्या चुलाणाचं कौतुक करायचं, त्या चुलाणापासून तिच्या सुनेला दूर बसवलं होतं, आणि त्या रात्री बाकीच्या बायका दमत असताना ती घरात एकटी बसून होती. हे गाळलं तर आजीचं चित्र अर्धं राहील आणि तुझी आई त्यात कुठेच दिसणार नाही. आजी वाईट होती असं यातून निघत नाही. तिला जे शिकवलं गेलं ते तिनं सोडलं नाही, इतकंच. पण वारकरी परंपरेलाच हे मान्य होतं असं कुणी म्हणालं तर त्यांना सोयराबाई दाखव. चोखोबांच्या या पत्नीनं सातशे वर्षांपूर्वी अभंगातच सांगितलं आहे की विटाळाशिवाय देह उपजतच नाही, मग सोवळा म्हणायचं कुणाला?

राहिला तुझा प्रश्न. पूजा करत नाहीस म्हणून लिहू नये, असं अजिबात नाही. अंगणात दिंडी उतरायची तेव्हा पत्रावळी वाढायला तू होतीस ना? जे पाहिलंस ते लिही. न पाहिलेलं, आजीच्या मनातलं वगैरे, लिहू नकोस. 'आजीला विठ्ठल दिसायचा' असं तुझ्या हातून येऊ नये. 'जेवायच्या आधी आजी तुळशीला पाणी घालायची' असं आलं तर कुणाला शंका यायची नाही.

लिहायला बसायच्या आधी परभणीच्या मंडळींना गाठ. दिंडीतली जुनी माणसं कार्तिकीला पंढरपुरात येतात का, ते विणेकऱ्यांना फोन करून विचार आणि शक्य असेल तर जाऊन भेट. आत्याला बरोबर ने. बायकांशी वेगळं बोल, पुरुषांसमोर त्या बोलणार नाहीत. आजीला त्या काय म्हणून हाक मारायच्या, तेही लिहून घे.

छापताना अक्षर मोठं ठेव, वाचणारे बरेचसे साठीपुढचे असतील. थोड्या प्रती दिंडीसाठी बाजूला काढ, ज्येष्ठात त्यांच्या हातात देता येतील. केटरर सांगितला याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माणसं जेवली ना. पण पुढच्या वर्षी निदान द्वादशीच्या भाकरी घरी करायच्या असतील तर आई, आत्या आणि तू वैशाखातच बसून ठरवा, आणि या वेळी चुलाणापुढची पहिली काटवट आईपुढे ठेवा. ज्वारी-बाजरी तेव्हाच भरून ठेवलेली बरी, आणि सरपणसुद्धा. ज्येष्ठात पाऊस लागला की ओली लाकडं पेटत नाहीत.