आशा ठेव, पण नावानिशी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॅन्सर परत आला म्हटल्यावर आता पूर्ण बरं व्हायची आशा ठेवायची की नाही, असं तू विचारलंस. ठेवायची. तुझ्या आजारात तिला जागा आहे, आणि हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. माझा जन्म नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये तपासणीच्या काचा रंगवण्यात गेला, मन राखायची सवय मला फारशी नाही.

घरात 'कॅन्सर' एवढाच शब्द फिरतो, म्हणून सगळे एकाच मापाने घाबरतात आणि एकाच मापाने धीर देतात. आपल्या दोघांचंच बघ. डे-केअरला शेजारशेजारच्या खुर्च्यांवर सलाईन लावून बसायचो, दोघांच्याही फाइलवर लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. पण प्रकार वेगळे. माझा फॉलिक्युलर. तो सावकाश वाढतो, औषधाने दबतो, काही वर्षं गप्प राहतो, परत डोकं काढतो. डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, काका, हा बहुधा मुळातून जाणार नाही, पण आपण याला आवरून धरू. कधी कधी औषध न देता नुसती नजर ठेवायची, हाही यातला उपचारच असतो. तुझा हॉजकिन. पहिल्या खेपेला चार औषधांचं एबीव्हीडी दिलं, त्यातलं ते लाल औषध तू विसरला नसशील. हॉजकिन एकदा गेला की बहुतेकांचा परत येत नाही. तुझा आला, असं पेट स्कॅन म्हणतंय. पण परत आल्यावरही बरं करायच्याच हेतूने डॉक्टर उपचार आखतात, असे कॅन्सर थोडे आहेत, आणि हा त्यांतला एक. आधी वेगळी केमो देऊन गाठी विरघळवायच्या, मग रक्त तयार करणाऱ्या तुझ्याच मूळ पेशी काढून गोठवून ठेवायच्या, जबर केमो द्यायची आणि त्या पेशी परत सोडायच्या, यालाच प्रत्यारोपण म्हणतात. या वाटेने साधारण निम्मे लोक कायमचे सुटतात. प्रत्यारोपणाआधीचं पेट स्वच्छ आलं तर त्याहून जास्त. निम्मे हा आकडा तुला कमी वाटत असेल. माझ्या आजाराच्या माणसाला विचार.

तेव्हा येत्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचार: हा उपचार रोग मुळातून घालवायला आहे की आवरून धरायला? औषध बदललं की दर वेळी पुन्हा विचार, कारण उत्तर बदलू शकतं. आणि हे विचारताना तू स्वतः खोलीत हवास. आपल्याकडे काय होतं ते तुला ठाऊक आहे. वडील आणि मामा आत जातात, पेशंट बाहेर बाकावर, आणि बाहेर आले की दोघांचेही चेहरे वेगळे. 'काही नाही बेटा, डॉक्टर म्हणाले चांगलं होऊन राहिलं.' त्यांचा जीव तुटतो म्हणूनच ते लपवतात, मला कळतं. पण सही तुला करायची आहे, सुया तुला टोचून घ्यायच्या आहेत. बाबांना आदल्या दिवशी घरीच सांगून ठेव की मी आत येणार. दवाखान्याच्या दारात तो विषय काढू नको.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, जरा लांबेल. पेट स्कॅनवर मानेतली गाठ चमकली म्हणून तू 'परत आला' असं लिहून टाकलंस. त्या तपासणीत किरणोत्सर्गी साखर देतात, तासभर बोलू-हलू देत नाहीत, आणि जिथल्या पेशी जास्त साखर खातात ती जागा उजळते. कॅन्सरच्या पेशी खातात, पण टीबीची गाठही खाते, आणि आपल्या देशात टीबी काही कमी नाही. म्हणून जमत असेल तिथून गाठीचा तुकडा काढून पाहिल्याशिवाय दुसरी केमो सुरू करू नये, असं मी तुला सांगेन आणि तुझे डॉक्टरही तेच सांगतील. शक्य असेल तर अख्खी गाठ काढा म्हणावं. बारीक सुईतून आलेल्या चार पेशींवर हॉजकिन ओळखणं कठीण, कारण खऱ्या रोगी पेशी त्या गाठीत मूठभरच असतात, बाकी सगळी आजूबाजूची गर्दी.

काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये येते, मग मेणात बसवून तिचा ब्लॉक करतात, त्याचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. भिंगाखाली गुलाबी-जांभळ्या गर्दीत एखादी मोठी पेशी दिसते, दोन केंद्रकं, प्रत्येकात ठसठशीत ठिपका, घुबड रोखून बघतंय अशी. रीड-स्टर्नबर्ग पेशी. ती दिसली की आमच्या सरांची खुर्ची जवळ सरकायची. मग तिच्या अंगावरच्या खुणा तपासतात. सीडी30 नावाची खूण असते, सीडी15 बहुधा असते. या खुणांचं काम पुढे येतं, लक्षात ठेव. आणि तो मेणाचा ब्लॉक लॅबकडे असतो, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल किंवा परळला टाटाला दाखवायचं असेल तर अर्ज करून मागता येतो. काचाही माग. नुसता रिपोर्ट घेऊन मुंबईला गेलेली माणसं ब्लॉकसाठी परत नागपूरची गाडी पकडताना मी पाहिली आहेत.

खुणांचं काम सांगतो. ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात बनलेल्या पहिल्या कार-टी उपचाराला मंजुरी मिळाली, त्यात पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांचं काम, नाव नेक्सकार19. तेव्हापासून तुझ्या आत्याच्या व्हॉट्सॅपवर 'भारताने कॅन्सरवर इलाज शोधला' फिरत असणार. काम मोठं आहे, शंका नाही. पण त्या पेशी सीडी19 ही खूण शोधतात, ती बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमावर असते, तुझ्या घुबडावर सहसा नसते. तुझी खूण सीडी30. तिच्यावर नेम धरणारं ब्रेंटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत 2011 साली मंजूर झालं. शिवाय निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब आहेत, ती तुझ्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात, आणि हॉजकिनमध्ये चांगली चालतात. आशा नावानिशी ठेव म्हणतो ती अशी. बातमी आली की आधी बघ, कुठल्या कॅन्सरची, कुठली खूण, माणसांवर झालं की उंदरांवर.

आत्याशी मात्र वाद घालू नको. ती सदाफुलीच्या पानांचा रसही घेऊन येईल. गंमत म्हणजे ती अगदीच चुकीच्या झाडाकडे गेलेली नाही. तुझ्या एबीव्हीडीतलं व्ही म्हणजे विनब्लास्टिन, ते सदाफुलीतूनच निघालं, 1950च्या दशकात कॅनडात. पण क्विंटलांनी पानं लागतात तेव्हा कुठे चिमूटभर औषध हाती येतं, आणि ते मोजून, शिरेतून द्यायचं असतं. अंगणातला रस प्यायलास तर उलट्या होतील, लिव्हरला त्रास होईल, आणि केमोचा दिवस पुढे जाईल. फुलं देवाला वाहू म्हणावं.

एक गोष्ट तुझ्या घरात कुणी काढणार नाही म्हणून मी काढतो. जबर केमोने पुढे मूल होण्याची शक्यता बरीच कमी होऊ शकते. दुसरी केमो सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, एक-दोन दिवसांचं काम आहे. डॉक्टर गडबडीत असले तर तूच विचार. लाजू नको, त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे.

नोकरी सोडू नको. मिहानमधल्या तुझ्या कंपनीचा ग्रुप विमा आहे, तो राजीनाम्याबरोबर जाईल, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. बिनपगारी रजा घे, पण नाव पटावर राहू दे. विमा कमी पडला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून प्रत्यारोपण त्यात कितपत बसतं ते आधीच विचार, भरती झाल्यावर नको. मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला 75 टक्के. ठरलेल्या फॉर्मवर डॉक्टरांची सही-शिक्का लागतो.

प्रत्यारोपण हा शब्द ऐकून आईला ऑपरेशन वाटतं. तिला सांग, चिरफाड नाही, पिशवीतून रक्त चढवावं तसं असतं. गोठवताना घातलेल्या रसायनामुळे तोंडाला लसणासारखी चव येते आणि खोलीभर एक-दोन दिवस वास राहतो, एवढंच. अवघड काळ त्यानंतरचा. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात, तोंड सोलवटतं. त्या जबर केमोतलं मेल्फलान हे औषध चालू असताना बर्फाचे खडे चघळायला देतात, नाही दिले तर माग, तोंड बरंच वाचतं. दोनेक आठवड्यांत पेशी वर यायला लागतात. घरी आलास की मे महिना असेल. कुलरची जुनी ताटी फेकून दे, त्या ओल्या गवतात बुरशी धरते आणि तुझ्या फुप्फुसांना ती नको. शेजारी बांधकाम असेल तर खिडकी बंद. ठेल्यावरचे तर्री पोहे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीत. आणि दवाखान्याच्या गेटबाहेर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे असतात ना, आत स्वतःच्या भावाचा जबडा काढलाय तरी, त्यांच्यात उभा राहू नको. (या बाबतीत मी चिडका आहे, राहू दे.)

हे सगळं झाल्यावरही 'गेला' असं कुणी लगेच म्हणणार नाही. परत यायचाच झाला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून तेवढी वर्षं दर तारखेला पोटात गोळा येणार. तो माझ्याही येतो. तपासणीच्या आठवड्यात मी गुगल उघडत नाही आणि नातेवाइकांचे फोन बायको घेते. बाकीचे आठवडे माझे असतात. तू विचारलं होतंस, एमपीएससीचा फॉर्म भरू का. भर. परीक्षेच्या दिवशी ताप असला तर देऊ नको. लग्नाचं मात्र त्या मुलीला सगळं सांगून, तिचं ऐकून ठरव, तिच्या वडिलांचं नंतर. आणि पुढे अगदी बरा झालास तरी हृदयाचा इको, थायरॉइड आणि फुप्फुसं डॉक्टर सांगतील तेव्हा तपासत राहा. जुन्या औषधांचा हिशोब कधी उशिराही येतो.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की मला पाठव. 'पॉझिटिव्ह आलं काका' असं लिहू नको, सगळ्या पानांचे फोटो पाठव, खुणांचा तक्ता असलेलं शेवटचं पानही. आणि ब्लॉकचा नंबर पावतीवर नीट उतरला आहे का, तेवढं तिथेच खिडकीवर तपासून घे.

तुझा,
काका