शब्दांची शंका: साप ‘डायर’ का नाही?

प्रश्न : सर, मी बारावीत आहे. शब्दकोशात ‘डायर’ (dire) म्हणजे भयानक असं दिलं आहे. म्हणून इंग्रजी निबंधात ‘पऱ्हाटीत डायर साप निघाला’ असं लिहिलं, तर मॅडमनी लाल रेघ मारली. साप भयानक नसतो का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : असतो ना पोरी! पण मॅडमचंही चुकलं नाही. ‘डायर’ सहसा परिस्थितीला लागतो, प्राण्याला नाही. पऱ्हाटीत निंदताना मण्यार दिसली, तर ती ‘डेडली’. तीच रात्री कोणाला चावली, नाल्याला पूर आहे, गाडी पलीकडे जात नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन संपलं आहे, तर ती परिस्थिती ‘डायर’. आत्ताच हात दिला नाही तर पुढे आणखी वाईट होणार, हा धाक त्या शब्दात आहे. म्हणून होऊन गेलेल्या अपघाताला ‘हॉरिबल’ म्हण; दवाखान्यातल्या जखमीची अवस्था ‘डायर’ असू शकते.

कोणी ‘डायर वुल्फ’चा दाखला देईल. ते अमेरिकेतल्या नामशेष झालेल्या लांडग्याचं ठरलेलं नाव आहे. भीतिदायक या अर्थाच्या ‘दीरुस’ या लॅटिन शब्दावरून ते पडलं, आणि आपला ‘डायर’ही तिथलाच.

या शब्दाचे सोबतीही ठरलेले आहेत. ‘डायर नीड’ म्हणजे नितांत गरज. ‘डायर कॉन्सिक्वेन्सेस’ तर आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत पोलिसांच्या बातमीत हमखास सापडेल : धुऱ्यावरून भांडण झालं आणि ‘परिणाम वाईट होतील’ अशी धमकी दिली! बोंडअळीच्या वर्षी कापूसवाले ‘डायर स्ट्रेट्स’मध्ये असतात. हा ‘स्ट्रेट’ सरळ या अर्थाचा नव्हे, सामुद्रधुनीचा. म्हणजे अरुंद, अडचणीची जागा. स्पेलिंगमध्ये जी-एच घालू नको आणि शेवटचा एस विसरू नको. परीक्षेत मुलं इथंच मार्क घालवतात.

इंग्लंडात बोलताना टुकार सिनेमालाही ‘डायर’ म्हणतात. तिथं भीतीबीती काही नसते, नुसतं ‘अगदीच वाईट’. बोर्डाच्या पेपरात मात्र हा वापर टाळ.

आणि १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा जनरल डायर? त्याचं आडनाव डी-वाय-ई-आर. या शब्दाशी त्याचं काही नातं नाही. मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून विचारणारे पुष्कळ भेटतात.