बेकेटच्या खुनापलीकडे दुसऱ्या हेन्रीच्या कारभारात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे?

तुमचा प्रश्न असा की, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री म्हटलं की 29 डिसेंबर 1170 रोजी कँटरबरीच्या चर्चमध्ये त्याच्याच माणसांनी केलेला आर्चबिशप (मुख्य धर्मगुरू) बेकेटचा खूनच सगळे सांगतात. पण राज्यकर्ता म्हणून तो खरंच मोठा होता का?

माझ्या मते होता. मी दिवाणी वकिली करतो, रोज जमिनीचे दावे चालवतो. त्यामुळे मला त्याचं मोठेपण एका छोट्या प्रश्नात दिसतं. तो प्रश्न त्याचे न्यायाधीश गावोगावच्या माणसांना विचारायचे.

आधी परिस्थिती बघा. 19 डिसेंबर 1154 ला राज्याभिषेक झाला तेव्हा हेन्री 21 वर्षांचा होता. त्याची आई माटिल्डा आणि राजा स्टीफन यांच्यात गादीवरून वर्षानुवर्षं यादवी चालली होती. सरदारांनी परवानगी न घेता गढ्या बांधल्या होत्या आणि ज्याच्या हाती शस्त्र, त्याने शेजाऱ्याची जमीन दाबली होती. हेन्रीने त्या गढ्या पाडायला लावल्या, भाडोत्री सैनिकांना देशाबाहेर घालवलं. पण जमिनींचं काय? एकाच शेतावर दोन-दोन घराणी हक्क सांगत होती आणि मूळ मालक कोण हे ठरवायला बसलं की पिढ्या जायच्या. शेवटी निकाल द्वंद्वयुद्धावर यायचा.

इथे हेन्रीच्या माणसांनी फार शहाणपणाची गोष्ट केली: मालकीचा वाद बाजूला ठेवला आणि आधी फक्त ताब्याचं बोला म्हणाले. या दाव्याचं नाव ‘नॉव्हेल डिसीझिन’, म्हणजे ताजी बेदखली. जमिनीवरून हुसकावलेल्या माणसाने राजाच्या कचेरीतून ठरावीक मजकुराचा हुकूम विकत घ्यायचा. मग शेरीफ (परगण्यातला राजाचा अधिकारी) आसपासची बारा माणसं गोळा करायचा, ती जमीन त्यांना प्रत्यक्ष दाखवायचा आणि फिरते न्यायाधीश आले की त्यांच्यापुढे उभी करायचा. त्यांना विचारायचं एवढंच: राजा गेल्या वेळी नॉर्मंडीला (फ्रान्समधल्या त्याच्या मुलखात) गेला त्यानंतर, अमक्याने तमक्याला अन्यायाने आणि निवाडा झाल्याशिवाय जमिनीवरून काढलं का? हो की नाही. प्रतिवादी हजर राहिला नाही तरी काम थांबत नसे. तारखांवर तारखा पडताना बघणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट आजही हलवून जाते.

पुढे 1176 मध्ये वारसांसाठी अशीच सोय झाली: बाप वारला म्हणून वरच्या सरदाराने जमीन अडवून ठेवली, तर मुलाला बारा जणांपुढे दाद मागता येऊ लागली. 1179 मध्ये मालकीच्या दाव्यातही प्रतिवादीला द्वंद्वाऐवजी बारा सरदारांचा निवाडा मागायची मुभा मिळाली.

आपल्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं (1963) कलम 6 वाचून बघा. कायदेशीर मार्ग सोडून कोणी बेदखल केलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावा; मालक कोण हे तिथे बघत नाहीत. विचार तोच.

त्याचा कारभार सगळाच असा उजळ नव्हता. हा हुकूम फक्त स्वतंत्र जमीनधारकाला मिळे. वेठीला बांधलेल्या शेतकऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता, आणि त्यांची संख्या मोठी होती. फौजदारी बाजू तर अंगावर येते. 1166 च्या क्लॅरेंडनच्या कायद्याने गावकऱ्यांना दरोडेखोर, खुनी यांची नावं शपथेवर सांगायला लावली आणि आरोपीला पाण्याचं दिव्य, म्हणजे देवाचा कौल घेणारी परीक्षा, करावं लागे. आपल्याकडे वतनाच्या भांडणात रवादिव्य करत (उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा), तसंच. फक्त इथे माणसाला बांधून पाण्यात सोडत, बुडला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. दिव्यातून सुटला तरी गावात त्याची कीर्ती फारच वाईट असेल, तर त्याला देश सोडावा लागे! शिवाय दंड आणि फी राजाच्या तिजोरीत जात, म्हणजे न्याय हे उत्पन्नाचंही साधन होतं.

तरीही यंत्रणा उभी राहिली हे खरं. राजा अर्ध्याहून जास्त काळ समुद्रापलीकडे फ्रान्समधल्या मुलखात असायचा आणि इकडे चौकटींचं कापड अंथरलेल्या टेबलावर शेरीफांचे हिशेब तपासले जायचे. 1170 मध्ये शेरीफांची चौकशी लावून त्याने बहुतेकांना काढून टाकलं.

एक मोठी फट मात्र राहिली. खुद्द राजानेच मर्जीने जमीन काढून घेतली, तर त्याच्यावर हा दावा लागत नसे. (आपलं कलम 6 सुद्धा सरकारविरुद्ध चालत नाही.) हेन्रीचा मुलगा जॉन याने त्या फटीचा मनसोक्त वापर केला. म्हणून 1215 मध्ये सरदारांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा (राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारा करारनामा) वदवून घेतला, तेव्हा 18 व्या कलमात हेन्रीचे हेच दावे चालवायला वर्षातून चार वेळा प्रत्येक परगण्यात न्यायाधीश पाठवा अशी मागणी केली. आणि 39 व्या कलमात जॉनला लिहून द्यावं लागलं की, कोणाही स्वतंत्र माणसाला निवाडा झाल्याशिवाय जमिनीवरून काढणार नाही. बापाने गावकऱ्यांना विचारायला लावलेला प्रश्न मुलाला स्वतःच्या बाबतीत ऐकावा लागला.