बाविसाव्या वर्षी मृत्यूवर लघुपट करावा का?

आपला प्रश्न असा आहे की, बाविसाव्या वर्षी मृत्यू आणि अध्यात्माचा शोध या विषयावर लघुपट केला तर लोक तो गांभीर्याने घेतील का, आणि त्याची लांबी किती असावी. ‘मरणावर बोलण्याआधी केस पिकू द्या’ असे एका महोत्सवातील परीक्षकांनी मला सर्वांसमक्ष सुनावले होते, म्हणून उत्तर लिहितो आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली आणि १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली, तेव्हा ज्ञानेश्वर जेमतेम एकवीस वर्षांचे होते. कठोपनिषदात यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहून मरणानंतर काय, असे विचारणारा नचिकेतही कुमारच आहे.

माझा लघुपट आजोबांच्या दशक्रियेवर होता. नदीकाठी दर्भावर पिंड ठेवलेला, कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. काका हात जोडून एकेक वचन देत होते: धाकटीचे लग्न लावून देऊ, बांधाचा वाद मिटवू, आईला अंतर देणार नाही. तरीही कावळा शिवेना, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी चपला शोधू लागली. नातू मात्र तिथेच घुटमळतो, कारण आजोबांचे नेमके काय राहून गेले हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. परीक्षकांना यात अध्यात्म सापडले नाही. त्यांना बहुधा काशीचा घाट, पहाटेचे धुके आणि मागे बासरी हवी होती. गेलेल्या माणसाशी काकांनी चालवलेली ती घासाघीस ज्यांना दिसली नाही, त्यांचे केस पिकून काय उपयोग झाला, हे मला अजून उमगलेले नाही.

लांबीचे म्हणाल तर ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. मात्र विषय गंभीर आहे म्हणून ती सगळी मिनिटे वापरू नका, आणि विझणारी पणती तर मुळीच दाखवू नका. अर्थात, खऱ्या दशक्रियेत कॅमेरा नेणार असाल तर घरच्यांची आणि गुरुजींची संमती आधी घ्या. आम्ही सारा प्रसंग नटांकडून करून घेतला होता. पाळीव कावळा आणण्याचा विचारही करू नका, कारण चित्रीकरणात पशुपक्षी वापरायचे झाल्यास भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते.