नव्वद दिवसांचा रकाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. भाजणी, मेतकूट, नाचणीचं सत्त्व बचत गटांकडून करून घ्यायचं आणि एका नावाने शहरात विकायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. ग्रामीण महिलांना सन्मानाने रोजगार देणं हा धंद्याचा हेतू, असं तू पहिल्याच पानावर लिहिलं आहेस. पुढे खेळत्या भांडवलाचा तक्ता पाहिला. त्यात गटांची बिलं 90 दिवसांनी चुकती करायची असं धरलं आहेस. तिथे मी अडलो.

त्या बायका डाळ-तांदूळ रोखीने आणणार, सिलिंडर भरणार, भाजायला बसणाऱ्यांना मजुरी देणार. गटाच्या कर्जाचा हप्ता तर कुणासाठी थांबत नाही. म्हणजे तीन महिने तुझा धंदा त्यांच्या बिनव्याजी पैशावर चालणार. याला सन्मान म्हणता येईल का, तूच सांग.

1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. लाटणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण आहे, नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे, हे सगळे सांगतात. मला त्यांच्या रोजच्या व्यवहाराचं जास्त कौतुक वाटतं. सकाळी भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, मजुरी घ्यायची. हिशोब रोजच्या रोज. हजारो बायकांचा हा व्यवहार इतकी वर्षं टिकला, त्यामागे त्या रोजच्या पैशाचा मोठा हात आहे, असं मला ठाम वाटतं.

कायदाही समजून घे. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 2023च्या अर्थसंकल्पाने त्याला आयकराची जोड दिली: मुदत उलटून वर्षअखेरीसही थकलेलं बिल त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतं. यावर कुणीतरी तुला सुचवेल की उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसलेल्या गटांकडूनच माल घे, म्हणजे या कायद्यातून सुटशील. तो सल्ला ऐकू नकोस. उलट तुझ्या गटांना नोंदणी करायला तूच मदत कर.

तू म्हणशील, मोठी दुकानं मलाच साठ-साठ दिवस लटकवणार, मग मी पंधरा दिवसांत कुठून देऊ? अडचण खरी आहे. तुझी स्वतःची उद्यम नोंदणी नुसता व्यापारी म्हणून नव्हे, उत्पादक म्हणून असेल तर हाच कायदा तुझ्याही बाजूने उभा राहतो. पण ऑर्डर जाईल या भीतीने फार थोडे जण तक्रार करतात, हेही मला माहीत आहे. म्हणून वाट पाहण्याचा भार कुणी सोसायचा, हे आधीच ठरवावं लागतं. तुला बँक कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, देईल, नातेवाईक उसने देतील. कढईसमोर बसलेल्या बाईला खासगी वित्त कंपनीच्या चढ्या व्याजाशिवाय दुसरा दरवाजा सहसा नसतो. ज्याला पैसा स्वस्तात मिळतो त्याने थांबावं. धंद्यातली नीती मी एवढ्यावरच तोलतो. पाकिटावरचा मजकूर आणि वार्षिक देणग्या मी नंतर बघतो.

हे पाळायचं तर धंदा आधी लहान ठेवावा लागेल. बारा गटांऐवजी चार घे. सगळा माल मोठ्या दुकानांत भरू नकोस. निम्मा तरी थेट गिऱ्हाइकाला रोखीने विकला जाईल असं बघ. किलोमागे भाव थोडा वाढवावा लागला तर वाढव आणि का वाढवला ते गिऱ्हाइकाला सांग. वाढ सावकाश होईल, त्याची मला काळजी नाही.

आता त्या रकान्यात 90 खोडून 15 लिही आणि सगळा तक्ता पुन्हा मांड. भांडवल किती कमी पडतं ते कळव. आकडा हातात आला की बँकेत काय मागायचं ते आपण बसून ठरवू.

तुझा,
काका