क्वांटम कॉम्प्युटर चालेल का, आणि त्यासाठी रान विकावं का?

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. पुण्याच्या एका खासगी कॉलेजात क्वांटम कॉम्प्युटिंगचं बी.टेक. आहे, तिला तिथंच जायचंय. चार वर्षांची फी बारा लाखांच्या घरात, म्हणजे एकरभर रान काढावं लागेल. तिचा मामा आयटीत आहे. तो म्हणतो, हे मशीन प्रत्यक्षात कधी चालणारच नाही. काय करावं? – एक पालक, वसमत

उत्तर: नमस्कार. आधी एक सांगतो, मामांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले गणिती गिल कलाई वर्षानुवर्षं हीच शंका घेत आले आहेत. मिखाईल द्याकोनोव या भौतिकशास्त्रज्ञांनीही 2018 मध्ये तसा सविस्तर लेख लिहिला होता. ही अडाण्यांची कुरकुर नव्हे.

घोडं अडलंय ते चुकांपाशी. गूगल, आयबीएमच्या चिप उणे 273 अंशांच्या अगदी जवळ थंड ठेवाव्या लागतात. तरीही क्युबिट, म्हणजे या मशीनमधला माहिती धरून ठेवणारा सगळ्यात छोटा घटक, काही शे किंवा फार तर हजारभर क्रिया झाल्या की चुकतो. बँकांचं कुलूप असलेली आरएसए ही सांकेतिक पद्धत फोडायची तर अब्जावधी क्रिया बिनचूक व्हायला हव्यात. यावर उपाय असा, की पुष्कळ क्युबिट मिळून एकच भरवशाचा क्युबिट बनवायचा. कलाईंचा आक्षेप नेमका इथंच आहे: त्यासाठी मुळातल्या चुका जितक्या कमी व्हाव्या लागतात, तितक्या त्या कधी होणारच नाहीत.

डिसेंबर 2024 मध्ये गूगलने 105 क्युबिटची ‘विलो’ चिप दाखवली. क्युबिटची जाळी 3×3 वरून 5×5, मग 7×7 केली, तेव्हा चुका दर टप्प्याला निम्म्याहून कमी झाल्या. शंकेखोरांच्या अंदाजाच्या हे नेमकं उलट होतं. पण त्यात पुष्कळ क्युबिट मिळून बनलेला एकच भरवशाचा क्युबिट जपून ठेवला होता, त्यावर मोठं गणित केलं नव्हतं. शिवाय 2019 चा अनुभव आहेच. आमच्या क्वांटम चिपने केलेल्या गणिताला सुपरकॉम्प्युटरला 10,000 वर्षं लागतील असा गूगलचा दावा होता, आणि आयबीएम म्हणाली, अडीच दिवसांत करू. म्हणून अशा बातम्या थोडं थांबून वाचाव्यात.

माझं मत विचाराल तर मशीन चालेल, पण कधी ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. आरएसए फोडायला गूगलच्याच संशोधकाचा 2025 चा अंदाज दहा लाखांहून थोड्या कमी क्युबिटचा आहे. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला (2023, सुमारे 6,003 कोटी) आठ वर्षांत 50 ते 1,000 क्युबिट गाठायचे आहेत. या दोन आकड्यांमधलं अंतर तुम्हीच बघा आणि मग रानाचा विचार करा. विकू नका.

आज या क्षेत्रातलं खरं काम बहुतेक एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्यांकडे जातं. बी.टेक.च्या नावात ‘क्वांटम’ असल्याने त्यात फार फरक पडत नाही. त्या कॉलेजला एवढंच विचारा: शिकवणारे भौतिकशास्त्राचे किती आहेत, आणि ऑप्टिक्सची लॅब दाखवाल का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

मुलीला खरंच गोडी असेल तर आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस पदवी अभ्यासक्रम बघा. तिथं क्वांटमवर खरोखर काम चालतं. त्याच्या प्रवेश परीक्षेत (आयएटी) जीवशास्त्राचेही 15 प्रश्न असतात. पीसीएमवाली मुलं तिथंच मार खातात, तेव्हा आत्तापासून अकरावीचं बायोलॉजीचं पुस्तक उघडायला सांगा. तिथं जमलं नाही तर सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घ्यावं, नांदेडचं एसजीजीएस घराजवळच आहे. जोडीला लिनिअर अल्जेब्रा पक्का करावा. मशीन आलं नाही तरी क्वांटमला न फुटणारी कुलुपं बसवायचं काम सुरू झालंय; अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये त्याची तीन मानकं जाहीर केली. ते काम कॉम्प्युटर आणि गणितवाल्यांचं.

आणि औंढा तर तुमच्या शेजारचाच तालुका. तिथल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाला 2023 मध्ये 2,600 कोटींची मंजुरी मिळाली. अमेरिकेतल्या लायगोत प्रकाशातला क्वांटम गोंगाट दाबून मोजमाप आणखी बारीक करतात, आणि ते तंत्र तिथं 2019 पासून निरीक्षणांत वापरात आहे. लेझर, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्यांची अशा ठिकाणी गरज लागते. मुलीला हे माहीत आहे का, तेवढं विचारा. नसेल तर आयसरचा फॉर्म भरण्याआधी मामांनाच तिच्यासोबत बसवा आणि लायगोचं काम दोघांनी मिळून वाचावं.